समोर बसायला कुणीतरी

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लॉन्ड्रीत, मावशींनी एकतीस वर्षं चादरी धुतल्या. मशिनच्या घरघरीवर मात करता करता आवाज कायमचा चढला होता. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. एक धाकटा भाऊ तेवढा होता, दूरच्या शहरात, आपल्या कामात बुडालेला.

वरच्या मजल्यावर उपशामक उपचारांचा, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं हलकं करणारा, वॉर्ड उघडला, तेव्हा त्याचं 'निरोपाचा वॉर्ड' असं बारसं मावशींनीच केलं. "तिथे गेलेला माणूस चालत बाहेर येत नाही," असं त्या छातीठोकपणे सांगायच्या.

निवृत्तीनंतर पाठ धरली म्हणून तपासायला गेल्या, तर कॅन्सर निघाला. हाडांत पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी त्याच वॉर्डाची चिठ्ठी लिहिली.

"म्हणजे तुम्ही हात टेकले?"

"आजारापुढे टेकले, मावशी. दुखण्यापुढे नाही."

मॉर्फिनचं नाव ऐकून तर त्या बिथरल्याच. "त्याची सवय लागते. माणूस गुंगीत पडून राहतो."

"मोजून, वेळच्या वेळी घेतलं की दुखणं आटोक्यात राहतं. सुरुवातीला थोडी झोप येईल, पोट जड होईल. त्यावरही औषध आहे माझ्याकडे."

वॉर्डात औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या सकाळी मावशी स्वतःहून कुशीवर वळल्या. कित्येक आठवड्यांत हे जमलं नव्हतं. पंधरा दिवसांनी काठी टेकत घरी गेल्या.

दर बुधवारी वॉर्डातली सिस्टर घरी यायची. एकदा गोळ्या, झोप, भूक सगळं विचारून झाल्यावर तिने वही मिटली. "आता तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?"

मावशी म्हणाल्या, "जेवताना समोर कुणीतरी बसावं. बोललं नाही तरी चालेल."

सिस्टर बसली. त्यानंतर दर बुधवारी वीस मिनिटं बसत राहिली. उरलेले सहा दिवस मावशी ओट्याशी उभ्यानेच दोन घास खायच्या.

भावाला कळवायला मात्र सक्त मनाई होती. "त्याच्यामागे काय कमी व्याप आहेत?" सिस्टरने तीन महिने मनधरणी केली, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

भाऊ एका दिवसासाठी आला. गळका नळ दुरुस्त करत बसला. जेवताना त्याला राहवेना. "ताई, आधी का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुझाही घास अडकला असता."

तो संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पुढच्या महिन्यात मावशींना पुन्हा वॉर्डात आणावं लागलं. एका दुपारी श्वास लांबत लांबत थांबला, तेव्हा उशाशी सिस्टर होती. भाऊ अजून वाटेत होता.

"फार त्रास झाला का तिला?" आल्याआल्या त्याने विचारलं.

"दुखणं नव्हतं. शेवटपर्यंत नव्हतं."

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. सिस्टर थोडा वेळ त्याच्याजवळ बसली. मग आतून कुणीतरी हाक मारली, आणि तिला उठावं लागलं.