तीनशे मीटरवर हातभर खाली

गुरुत्वाकर्षण आपल्या सगळ्यांनाच लागू आहे, पण ते मनावर घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा थोरला साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून बायको त्यांना दाजी म्हणते, आणि तिचं ऐकून मीही दाजीच म्हणतो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा सहा फुटी गृहस्थ लातुरात घर बांधून राहिला. मिशीला तेल लावणं, रेणापूरच्या रानात आठवड्याला चक्कर मारणं आणि रविवारी रायफल क्लबात जाणं, ही त्यांची जगाला दिसणारी कामं. खरं काम डोक्यात चोवीस तास चालू असायचं: कुठलीही वस्तू इथून तिथं जाईपर्यंत किती खाली येईल, याचा अंदाज. मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. बंदुकीची गोळी सरळ जाते, असं मी पन्नाशीपर्यंत बिनधोक मानत होतो. एकदा बोलता बोलता मी "गोळीसारखा सरळ" असं म्हणून गेलो, तर दाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी 'आईने'तल्या 'ने'ला चतुर्थी म्हणणाऱ्या पोराकडे पाहतो.

"पाव्हणं," ते म्हणाले, "गोळी सरळ जातच न्हाई. नळीतून निघाली की पडायलाच लागती. लिंबू फेका बरं त्या भिंतीवर."

मी लिंबू फेकलं. ते भिंतीच्या बरंच अलीकडे, तुळशीत पडलं. मग तासभर दाजींनी मला समजावलं की नळी किंचित वर रोखलेली असते आणि नजर सरळ असते, आणि या दोघींचं भांडण मिटवायला वर दुर्बीण बसवतात. शंभर मीटरवर नेम बसवलेली त्यांची रायफल तीनशे मीटरवर हातभर खाली मारते. म्हणून दुर्बिणीवरची चकती फिरवायची. ती फिरताना टक टक वाजते. एक टक म्हणजे शंभर मीटरवर हरभऱ्याच्या दाण्याएवढा फरक, आणि तेच टक तीनशेवर बोराएवढं होतं. "हातभर वर यायचं म्हणजे वीस बोरं," असा हिशोब त्यांनी मला बोटांवर करून दाखवला. मे महिन्यात लातूरची हवा तापून पातळ होते, तेव्हा गोळी कमी पडते. थंडीत हवा घट्ट होते, तेव्हा जास्त पडते. आडवा वारा असेल तर खालच्या हिशोबात बाजूचाही धरायचा. मला यातलं निम्मं कळलं आणि सगळंच आवडलं. स्वयंपाकघरातून अक्का, म्हणजे माझी मेहुणी, ओरडली, "लिंबं संपली असतील तर वरणात काय तुमची टक टक पिळू?"

या विद्येचा वापर फक्त क्लबात झाला असता तर दाजी चारचौघांसारखे हौशी नेमबाज म्हणून निभावून गेले असते. पण त्यांना अंतर दिसलं की राहवत नसे. एकदा नांदेडहून लातूरला जाताना त्यांनी रेणापूरच्या अलीकडे गाडी थांबवली, तिपाईवर दुर्बीण लावली आणि लांबच्या झाडांची अंतरं वहीत लिहायला लागले. पाच मिनिटांत आजूबाजूच्या रानांतून सात-आठ माणसं जमली. रस्ता रुंद व्हायचा की कालवा यायचा, या चिंतेनं एकानं घरातून चहा मागवला. चहा झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "सायब, आमच्या शिवारातून नेमकं काय जायलंय?" दाजी डोळा काचेला लावूनच म्हणाले, "गोळी." घोळका दोन पावलं मागे सरकला. दाजींना वाटलं, यांना पुरतं कळलेलं दिसत नाही. म्हणून ते उत्साहानं म्हणाले, "त्या तुमच्या विहिरीपतुर चारशे बारा मीटर हाय. इथून मारायची झाली तर मानसाच्या छातीइतकं वर धरावं लागतंय बगा." त्यानंतर कुणी दुसरा चहा विचारला नाही. गाडीत बसल्यावर मी हसत होतो आणि दाजी खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "मानसं लवकर उठून गेली," ते म्हणाले. "वाऱ्याचं सांगायचं ऱ्हायलंच."

पण कळस झाला तो त्यांच्या लेकीच्या लग्नात, उदगीरच्या एका मंगल कार्यालयात. मागच्या रांगांमधल्या लोकांच्या अक्षता वधूवरांपर्यंत पोचतच नाहीत आणि मधल्या बायकांच्या अंबाड्यांत जातात, हे दाजींचं जुनं दुःख होतं. लेकीच्या लग्नात तरी हे होऊ द्यायचं नाही, असं ठरवून वधूपिता मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी मागच्या रांगेत हजर. "तांदूळ हलका हाय. लवकर दम सोडतंय. फेट्यावर नेम धरू नका, फेट्याच्या चार हात वर धरा." पाहुण्यांनी वधूपित्याचा मान राखला. शेवटच्या 'सावधान'ला शंभर हात एकदम उंच गेले आणि सगळ्या अक्षता छताला फिरणाऱ्या पंख्यांत शिरल्या. पुढचे काही क्षण त्या कार्यालयात जी तांदळाची वावटळ उठली, तिच्यात वाजंत्रीवाल्याची पिपाणी बंद पडली आणि भटजींना चष्मा काढावा लागला. वधूवर कोरडे राहिले ते राहिलेच. लेक सासरी जाताना सगळे रडत होते. दाजी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "पंखा धरलाच न्हाई मी हिशोबात." डोळे पुसून त्यांनी तेही वहीत लिहिलं: वारा वरून, तीन पंखे.

ती वही म्हणजे दाजींचा जीव. गेल्या वीस वर्षांत क्लबात झाडलेली प्रत्येक गोळी तिच्यात होती: तपमान, वारा, किती टक, आणि गोळी कुठे लागली. गोळी चुकली की तिचं कारण सापडेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. म्हणून गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या गोळ्या भरकटायला लागल्या, तेव्हा ते आधी चिडले नाहीत, उलट कुतूहलानं पेटून उठले. दुर्बिणीचे स्क्रू बदलले. काडतुसं बदलली. पोटाखालची चटईसुद्धा बदलली. फोनवर मला अर्धा अर्धा तास सांगायचे, "पाव्हणं, हिशोब बरोबर हाय. मग गोळी कुठं जायलीय?" जानेवारीत क्लबाची ज्येष्ठांची स्पर्धा होती. त्यात जोडीदारानं शेजारी बसून वारा सांगितलेला चालत असे. दाजींनी मला बोलावून घेतलं. मी म्हणालो, मला यातलं काही येत नाही. ते म्हणाले, "वाचता येतंय न्हवं? बस्स. वारंच वाचायचंय."

आदल्या दिवशी सरावाला गेलो. माळरानावर शंभर, दोनशे आणि तीनशे मीटरवर लाल झेंड्या. दाजी पालथे पडले आणि मी शेजारी मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलो. तापलेल्या तव्यावरून उठावी तशी हवा काचेत थरथरत होती. ती थरथर ज्या बाजूला कलते त्या बाजूला वारा जातो, हे त्यांनी शिकवलं. मला ते इतकं नवलाचं वाटलं की मी निशाण बघायचंच विसरलो. मग दाजींनी विचारलं, "दोनशेवरची झेंडी कुणीकडं हाय?" मी म्हणालो, डावीकडे. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला वाटलं, मास्तरांची परीक्षा चालू आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. झेंडी माझ्या नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होती.

"दाजी, तुम्हाला झेंडी दिसत नाही का?"

"काचंवर धूळ बसलीय," ते म्हणाले. मी त्यांच्या दुर्बिणीची काच पुसायला गेलो. ती लख्ख होती.

घरी आलो तर अक्का म्हणाली, "तुमच्या ध्यानात आलं का? दोन महिने झाले, चहा बशीच्या बाहीर ओतायलेत. मी बोलले तर बशीच लहान हाय म्हनतेत." संध्याकाळी अंगणात मी दाजींसमोर विषय काढला. ते ताडकन उठले. "मराठीच्या मास्तरानं मला नेम शिकवू नये." आत गेले, जेवलेही नाहीत. मला माझीच लाज वाटली. उद्या सकाळची पहिली गाडी पकडून नांदेडला जावं, असं मी ठरवून टाकलं.

सकाळी उठून पाहतो तर दाजी ओसरीत भिंतीसमोर उभे. भिंतीवर कागद, कागदावर कोळशानं काढलेली फुली. ते एक डोळा झाकायचे, मागे सरायचे, अंतर मोजायचे, वहीत लिहायचे. मला पाहताच लहान मुलासारखे म्हणाले, "पाव्हणं, इकडं या. सापडलं. उजव्या डोळ्यात मधलं गेलंय, कडंचं दिसतंय. बरोबर जिथं नेम धरायचा तिथंच भोक हाय बगा!" दिवाळीपासूनचं कोडं सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. तो आनंद ओसरताना मी पाहिला. हळूहळू ते पायरीवर बसले, वही मिटली, आणि अक्कानं आणून दिलेला चहा दोन्ही हातांनी धरून प्यायले.

स्पर्धेला मात्र ते गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा रायफल डाव्या खांद्याला लावली, डावा डोळा वापरला. मी वारा वाचत गेलो, ते टक टक फिरवत गेले. पहिल्या सहा गोळ्या पार इकडे तिकडे. शेवटच्या चार काळ्या वर्तुळात. चौदा जणांत अकरावा नंबर आला. आणि दाजी असे खूश, जणू त्यांना ढाल मिळाली. "हिशोब चुकला न्हवता," ते जो भेटेल त्याला सांगत होते.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे मोतीबिंदूसारखं काढून टाकता येणारं नाही, आणि दुसरा डोळाही त्याच वाटेवर आहे. उन्हाळा संपायच्या आत तोही अंधुक झाला. कुणी सुचवायच्या आधीच दाजी स्वतः जाऊन रायफल जमा करून आले, परवानाही परत दिला. "निशाणामागं काय हाय ते ज्याला दिसत न्हाई, त्यानं बंदुकीला हात लावू नये," एवढंच म्हणाले. अक्का सांगते, त्या दिवशी ते जेवले बेताचं, पण झोपले शांत.

रविवारी ते अजून क्लबात जातात. अक्का रिक्षानं सोडते. ओसरीत खुर्ची टाकून बसतात आणि लोक येऊन त्यांना अंतर, ऊन, वारा सांगतात. दाजी डोळे मिटून किती टक ते सांगतात. मागच्या महिन्यात मी गेलो होतो. तासभर कुणी विचारायला आलं नव्हतं. दाजी अस्वस्थ होऊन मला म्हणाले, "वारं बदललं वाटतंय. त्यांना सांगून या." मी वर पाहिलं. ओसरीवरचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. पण त्यांचा चेहरा पाहून माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "हो दाजी, बदललंय खरं."

दाजींनी झेंड्याच्या दिशेनं कान लावला. मग मिशीत हसले. "खोटं बोलू नका, पाव्हणं. बदललं असतं तर झेंड्याचा आवाज आला असता." आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "जे हाय ते सांगा."

मी सांगायला लागलो. वारा नाही. गवत वाळलंय. तीनशेवरच्या निशाणावर एक साळुंकी बसलीय. दाजी मान हलवत ऐकत होते, आणि मी, ज्याला त्या माळावर आजवर बघण्यासारखं काहीच दिसलं नव्हतं, बराच वेळ सांगत राहिलो.