मैंदर्गीचं लग्न उतरवताना

सोलापुरात लग्न लावणारे पुष्कळ, पण लागलेलं लग्न बघण्याजोगं करणारी माणसं निराळी. शूटिंगवाला दिवसभर मांडवात फिरतो, पंगतीला बसतो आणि निघून जातो. मग कुणीतरी एका खोलीत बसून ते तासन्‌तासाचं चित्रण बघतं, नको ते काढतं, हवं ते जोडतं, वरातीला बँडचं गाणं आणि पाठवणीला सनई घालतं. याला इकडं मिक्सिंग म्हणतात. बुधवार पेठेतली राजश्री शिवशरण गेली पंधरा वर्षं हे काम करत होती. जिल्ह्यातल्या किती सासरी जाणाऱ्या मुली तिनं रडताना पाहिल्या असतील याचा हिशेब नाही, आणि त्यातल्या एकीशीही तिची ओळख नव्हती.

ही सगळी वर्षं मल्लिकार्जुनअण्णांच्या दुकानात गेली. अण्णा मनानं वाईट नव्हते. पण दिवाळीत राजश्रीनं बाहेरची कामं स्वतःच्या नावानं घेऊ का असं विचारलं, तेव्हा ते हसले. हात चांगला आहे तुझा, म्हणाले, पण गिऱ्हाईक सांभाळणं तुला जमायचं नाही. हे तिच्या जिव्हारी लागलं. भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण ऐकून घेणंही नव्हतं. तिनं दुकान सोडलं, घराच्या पुढच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि दारावर पाटी लावली.

पाटी लागली, गिऱ्हाईक काही लागेना. पाडवा गेला, लग्नसराई जोरात आली, सगळ्या गावाचे बँड बुधवार पेठेवरून वाजत गेले, पण राजश्रीच्या दारात एक शूटिंगवाला थांबला नाही. शेजारणी रोज आपुलकीनं चौकशी करत आणि त्या आपुलकीनं तिचं डोकं उठे. नवरा दिपक काही बोलत नसे. सासू नागूबाई मात्र बोलत. महापालिकेत झाडलोट करून निवृत्त झालेली बाई ती. पगार सोडून पाटी लावणं हे तिच्या मते भरल्या ताटावरून उठणं होतं. शेवटी राजश्रीनंच ठरवून टाकलं, की मे महिना संपेपर्यंत एकही काम आलं नाही, तर मान खाली घालून अण्णांकडं परत जायचं. हे ती कुणाला बोलली नाही, पण रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तेच आठवायचं.

आणि एका सकाळी मैंदर्गीच्या तिप्पण्णाचा फोन आला. तिप्पण्णा शूटिंगवाला, अण्णांच्या दुकानापासून तिच्या ओळखीचा. मैंदर्गीच्या चन्नप्पांच्या मुलीचं लग्न त्यानं काढलं होतं आणि सगळं चित्रण इंटरनेटवर चढवून त्याची लिंक अण्णांच्या दुकानाला पाठवली होती. अण्णांकडं कामाचा ढीग. त्यांनी लिंक उघडलीच नाही, आणि आज सकाळी जमणार नाही म्हणून कळवून टाकलं. लिंकची मुदत मात्र आज संध्याकाळी संपत होती. मग कॅमेऱ्याच्या कार्डावरचं परत चढवा, असं राजश्रीनं सुचवलं.

"कार्डं पुसली की अक्का," तिप्पण्णा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी लगेच वळसंगला लगीन होतं. आता हाय ते त्या लिंकमदीच हाय."

लग्नसराईत सगळेच शूटिंगवाले हे करतात. एक लग्न पुसायचं आणि त्याच कार्डावर दुसरं भरायचं. आजवर कुणाचं अडलं नव्हतं, म्हणून कुणी शहाणा झाला नव्हता. राजश्रीनं त्याला चार शब्द सुनावले असते, पण हे तिचं पहिलं गिऱ्हाईक होतं. ती म्हणाली, पाठवा.

लिंकमध्ये तीन मोठाल्या फाइली होत्या: हळद, अक्षता आणि वरात. तिप्पण्णानं लग्न तीन गाठोड्यांत बांधून ठेवलं होतं. राजश्रीनं सवयीनं पहिली फाइल डाउनलोडला लावली आणि चहा ठेवायला गेली. चहा पिऊन येते तो डाउनलोड मेलेला. फाइल नेहमीसारखी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर चालली होती, आणि त्या जुन्या डिस्कवर चिमूटभर जागा. अण्णांच्या दुकानात मोठाली यंत्रं होती, तिथं जागेचा विचार कधी करावा लागला नव्हता. स्वतःवर चिडत तिनं अर्धवट उतरलेलं पुसून टाकलं.

बाहेरून जोडायची एक मोठी हार्ड डिस्क तिनं हौसेनं घेऊन ठेवली होती. ती लावली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड कुठं ठेवायचं ते बदललं, म्हणजे लग्न कॉम्प्युटरवर न थांबता थेट डिस्कवर उतरेल. हळद पुन्हा चालू केली. या खेपेला ती खुर्चीवरून हलली नाही. आकडा वाढत गेला, वाढत गेला आणि चार जीबीला पोचला तसा डाउनलोड परत बंद. डिस्क जवळजवळ सगळी रिकामी, आणि तिला म्हणे एवढी फाइल चालत नाही.

दुपार व्हायला आली होती. तिनं पुन्हा लावून पाहिलं; पुन्हा चार जीबीलाच अडलं. चौथ्यांदा लावणं हा वेडेपणा आहे हे कळत असूनही हात माउसकडं गेला, तो तिनं मागं घेतला. डिस्कचा दोष नसेल तर आपला आहे, असं म्हणून ती डिस्क घेतल्या दिवसापासूनचं आठवत बसली, आणि तिला टीव्ही आठवला.

गिऱ्हाइकाच्या घरी व्हिडिओ टीव्हीवर लागायला हवा. गावाकडचे पुष्कळसे टीव्ही जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली डिस्कच वाचतात. म्हणून राजश्रीनं हुशारीनं पहिल्याच दिवशी ती तशी करून घेतली होती. त्या जुन्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, मग डिस्क कितीही रिकामी असो. गिऱ्हाईक यायच्या आधीच गिऱ्हाइकाच्या टीव्हीची काळजी केली, ती अशी भोवली. ती एकटीच मोठ्यानं हसली. डिस्कवर नमुन्याचे दोन लहान व्हिडिओ होते, ते पेनड्राइव्हवर काढले, आणि डिस्क नव्या पद्धतीनं फॉरमॅट केली.

हळद चौथ्या वेळी लावली आणि ती चार जीबी ओलांडून बिनबोभाट पुढं गेली. राजश्रीनं हात जोडले. हळद पूर्ण उतरली, मागोमाग अक्षताही उतरल्या. राहिली वरात. वरात निम्म्यावर आली आणि नागूबाई केरसुणी घेऊन आल्या. उभा जन्म झाडण्यात गेलेला, खोलीचा कोपरा सोडतील कशा? केरसुणी वायरीत अडकली, डिस्क टेबलावर सरकली, वायर सुटली, वरात थांबली.

नागूबाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि केरसुणी खाली ठेवली. काय मोडलं, हे त्यांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं. राजश्रीनंही मग जन्मात पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं: एका मुलीचं लग्न या डबीत उतरतंय, संध्याकाळी ते कायमचं पुसलं जाणार, आणि हे हुकलं तर मला परत अण्णांच्या दारात जावं लागणार. नागूबाईंनी ऐकून घेतलं.

"लाव परत," त्या म्हणाल्या. "मी बसते हितं. बघू कोण हात लावतंय."

उतरलेल्या दोन्ही फाइली उघडून पाहिल्या, त्या धड होत्या. वरात पहिल्यापासून चालू झाली. नागूबाई तांदळाचं सूप मांडीवर घेऊन टेबलाला टेकून बसल्या. शेजारीण चौकशीला आली, तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. दिपक कामावरून आला, त्याला पंखासुद्धा लावू दिला नाही, वाऱ्यानं वायर हलेल म्हणून. बिचारा घामेजला होता, तसाच मागल्या दारी जाऊन बसला. इकडं मुदत संपत आली होती आणि वरात हळूहळू सरकत होती, वराती सरकतात तशीच. शेवटची रेघ भरली, फाइल पूर्ण झाली. थोड्या वेळानं लिंक उघडून पाहिली, तर तिथं काही नव्हतं. राजश्रीनं सासूला मिठी मारली आणि तांदूळ सगळ्या खोलीभर झाले. ते नागूबाईंनी झाडले नाहीत, एकेक वेचले.

त्यानंतर राजश्रीनं पहिलं काम केलं ते म्हणजे दुसऱ्या डिस्कवर प्रत काढली. मग जीव लावून मिक्सिंग केलं आणि टीव्हीला चालेल असं पेनड्राइव्हवर भरलं. तिप्पण्णा व्हिडिओ न्यायला आला तेव्हा तिला बळंच बरोबर घेऊन गेला.

मैंदर्गीत चन्नप्पांच्या घरी सगळा गोतावळा टीव्हीपुढं जमला होता. लग्नाचा व्हिडिओ बघणं म्हणजे चुका काढायला बसणं. मामाचा आहेर कुठंय, धाकटी आत्या का दिसली नाही, सगळं निघतं. राजश्री दाराशी जीव मुठीत धरून बसली. मामा दिसला. आत्याही दिसली, दोनदा. चन्नप्पांच्या भावानं तिथंच आपल्या मुलाच्या लग्नाची तारीख सांगितली आणि मिक्सिंग याच बाईंनी करायचं असं तिप्पण्णाला बजावलं. राजश्री मनातल्या मनात अण्णांच्या दुकानाच्या पायऱ्या कायमच्या उतरली. तिला इतका आनंद झाला, की हातातला चहा प्यायचा राहून गेला.

अक्षता लागल्या तशी बायकांमधून एक बाई उठून टीव्हीजवळ जाऊन उभी राहिली. ही महानंदा, मुलीची आई. मागच्या लोकांना दिसेना, तरी कुणी तिला बस म्हटलं नाही. अंतरपाट दूर झाला, मुलीनं मान वर करून हसून पाहिलं, तांदूळ उडाले. महानंदा वळली आणि दाराशी बसलेल्या राजश्रीला म्हणाली,

"अक्का, मी तवा कोठीच्या खोलीत होते. आहेराच्या साड्या काढून देत होते. नुसता बँड ऐकू आला. माझ्या लेकीचं लगीन मी आज बघितलं."

राजश्री उठली, पुढं आली आणि कुणी न सांगता तिनं अक्षता पहिल्यापासून लावल्या.