खडूने धरलेले चोवीस तास

सोमवारी शाळा भरायच्या आधी अंबाकिस्ये गुरुजींनी संगणकखोलीतल्या नऊच्या नऊ यंत्रांची घड्याळं सहा तास मागे नेली. हेतू चांगलाच होता. तुकुयूत तास सूर्योदयापासून मोजतात; सूर्य उगवला की तासाभरात एक वाजतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंत्रं मात्र तेव्हा सात दाखवतात. इतिहासाच्या मास्तरांना हा अन्याय बघवला नाही. दुरुस्ती करून ते चहाला गेले, तेही मोठं पुण्य पदरी पडल्याच्या चालीने.

मग तुसाजिग्वे आली. खोली तिच्या ताब्यात होती. दानात आलेली ही जुनी खोकी रिकामी असली की ती त्यांना एका मोठ्या कामाला जुंपायची. मलेरियाच्या औषधाचं अवाढव्य गणित जगभरच्या लोकांनी आपापल्या यंत्रांवर फुकट वाटून घेतलं होतं, त्यातला हा तुकुयूचा वाटा. तिचा धाकटा भाऊ मलेरियाने गेला होता. त्याबद्दल ती बोलत नसे, पण यंत्रं बंदही पडू देत नसे.

त्या दिवशी पडद्यावर ‘झालेला वेळ’ चक्क उणे दिसत होता. गुरुजींनी आपणहून कबुली दिली. तिने नऊही घड्याळं पूर्ववत केली आणि खोलीची किल्ली आपल्या खिशात टाकली. गुरुजींना तेच जास्त लागलं.

पण दुखणं पुरतं गेलं नव्हतं. एकतीस तास चाललेल्या कामापुढे अजूनही सातच तास दिसत होते. मुख्याध्यापक म्वाइकेंडा सरांनी नेमकं तेवढंच पाहिलं. दिवसरात्र वीज जाळायची आणि काम सात तासांचं? शुक्रवारी हे सगळं बंद, असं सांगून ते गेले. तिने हे गणित चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या चर्चापानावर सविस्तर तक्रार लिहिली, गुरुजींचा पराक्रमही लपवला नाही. तिथल्या एका जुन्याजाणत्याने उत्तर धाडलं, की तुमच्याकडे वेळच उलटी मोजतात, आधी घड्याळ शिका आणि मग आम्हाला नावं ठेवा.

गुरुजींचा चेहरा पडला. “जाऊ दे, तुसाबाई. चूक माझी. माफी मागून मोकळे होऊ.”

“तुमची माफी तुम्ही मागा, गुरुजी,” ती म्हणाली. “माझी यंत्रं कुणाची माफी मागणार नाहीत.”

भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. फुटबॉलचे सामने ऐकायला गुरुजींनी त्याची बॅटरी आपल्या रेडिओत घातली होती, तीही ‘दोन दिवसांसाठी’. म्हणून तिने मनगटावरचं घड्याळ रेडिओवरच्या वेळेशी जुळवलं, मंगळवारी एका यंत्रावर नवं काम लावलं आणि फळ्यावर खडूने नोंद धरली. दुपारी वीज गेली. तिने फळा पुसला. बुधवारी सकाळी तीनला, म्हणजे यंत्रांच्या नऊला, पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी पावणेतीनला तिने सरांना वर्गातून उठवून आणलं. मी काय नुसते आकडे बघत बसू, असं ते कुरकुरले.

“बसा, सर. शुक्रवार तुम्ही ठरवलात, गुरुवार माझा आहे.”

सर बसले. गुरुजी दाराशी उभे. पडद्यावर तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटं, मग एकोणसाठ, आणि मग सगळी शून्यं. शेजारची कामाची पट्टी मात्र थांबली नाही. चौसष्ट टक्के होती, बघता बघता पासष्ट झाली. सरांनी पट्टीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि शुक्रवारचं नाव न काढता वर्गावर निघून गेले.

तिने तिथल्या तिथे चर्चापानावर लिहिलं, “सकाळी एक म्हणा नाहीतर सात. आजच्या तीनपासून उद्याच्या तीनपर्यंत चोवीसच तास होतात, आमच्याकडेही आणि तुमच्याकडेही. आमचा दिवस तुमच्या प्रोग्रॅमने गिळलाय.”

शुक्रवारी नऊही यंत्रं चालू होती. तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली, तिच्यात तासांच्या आधी दिवसांचा रकाना होता. तिने खडूच्या नोंदी अजून पुसू दिलेल्या नाहीत. गुरुजींनी एकदा डस्टर उचललं तर तिने नुसतं बघितलं आणि त्यांनी ते ठेवून दिलं.

फळ्याच्या वरचं घड्याळ अजून सव्वाचारवरच आहे. बॅटरीचं तिने तीनदा विचारलं. गुरुजी म्हणतात, फुटबॉलचा हंगाम तेवढा संपू दे.