फ्लॉपीच्या फटीत अक्षता

नव्वदच्या दशकात बंगळूरला, आमच्या जे. पी. नगरच्या घरी, वरच्या खोलीत केनियाचा एक मुलगा भाड्यानं राहायचा. शिक्षण संपलं तरी तो मायदेशी गेला नाही. त्यानं कंप्युटर घेतला आणि कारखान्याच्या गोदामातला माल मोजणारा प्रोग्राम लिहायला बसला. एक गिऱ्हाईक मिळालं तर इथेच धंदा थाटायचा, नाही तर परत जायचं, असं त्यानं घरी कबूल केलं होतं.

त्याआधी त्याला घालवायचं आमच्या समोरच्या निवृत्त साहेबांनी ठरवलं. ते आमच्या ह्यांच्याच सरकारी कारखान्यातले, शिवाय मराठी, त्यामुळे हक्क मोठा. "वहिनी, दसऱ्याच्या आत खोली रिकामी करा. लोक बोलतात." हे लगेच पेपरमागे गेले. मी "बघते" म्हणाले. तेव्हाची मी अशीच. चाळिशी उलटलेली, घर स्वतःच्या नावावर, आणि शेजाऱ्यापुढे मान खाली.

खंडेनवमीला मी विळी, पाना, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांची पूजा केली. वरचा कंप्युटरच कशाला उपाशी ठेवायचा? मुलगा दुकानात गेला होता. मी हळदकुंकू लावलं, पडद्यावर झेंडूची माळ सोडली आणि समोर फट दिसली तिची झडप बोटानं दाबून आत अक्षता वाहिल्या. देवाच्या मुखात घास दिल्याचं समाधान घेऊन खाली आले.

थोड्या वेळानं वरून करकर ऐकू आली. पाठोपाठ तो जिन्यात.

"अक्का, मशीनमध्ये काय घातलंत?"

"तांदूळ."

"तांदूळ?"

"स्वल्पच."

तो पायरीवरच बसला. बोम्मसंद्र्याचा एक कारखानदार आपल्याकडची पूजा आटोपून दुपारी प्रोग्राम बघायला येणार होता. तेच ते एकुलतं गिऱ्हाईक.

आम्ही डबा उघडला. तो स्क्रू काढतोय, मी भुवयांच्या चिमट्यानं दाणे वेचतेय, आणि नेमके समोरचे साहेब दारात.

"वहिनी, खोलीचं काय ठरलं?"

"सांगते. आधी हा टॉर्च धरा."

त्यांनी धरला. का धरला, ते त्यांनाही कळलं नसावं.

"पण खोली..."

"हलवू नका हो, दाणा दिसत नाही. खोली रिकामी होणार नाही. घर माझं आहे, भाडेकरू माझा आहे. लोकांना बोलायचं असेल तर माझ्या दारात येऊन बोलू दे."

बोलता बोलता मी शेवटचा दाणा वेचला. मुलानं डबा मिटून स्क्रू आवळले.

कारखानदार आला. माळ घातलेला कंप्युटर बघून त्यानं चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि मगच खुर्चीत बसला. प्रोग्राम चालला. "सरी, ठीक आहे," म्हणाला, "माझ्याकडे बसवा."

त्या संक्रांतीला माझ्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या निम्म्या बायका आल्या नाहीत. उरलेले लाडू वर गेले.

तो मुलगा काही वर्षं इथे धंदा करून नैरोबीला परतला आणि तिथे मोठा उद्योजक झाला. आता नव्या मुलांच्या धंद्यात पैसे घालतो. फोनवर म्हणतो, "मी त्यांना एवढंच विचारतो, मशीनमध्ये तांदूळ पडले तर काय कराल?"

वरच्या खोलीत सध्या इथिओपियाची एक मुलगी राहते. परवा समोरच्या साहेबांचा मुलगा म्हणाला, "काकू, लोक बोलतात."

मी टॉर्चमध्ये नवे सेल घातलेत.