आप्पाकाकांचं गाऱ्हाणं

एसटीत शेजारच्याने तळहातावर तंबाखू मळली, चुन्याचा वास आला आणि शिमग्याच्या पालखीसमोर उभे असलेले आमच्या गावचे आप्पाकाका आठवले. तेही दिवसभर अशीच तंबाखू मळायचे.

गावाचं गाऱ्हाणं देवापुढे तेच घालायचे. सत्तरी उलटल्यावर जिभेचा कॅन्सर निघाला. रत्नागिरीत ऑपरेशन झालं, अर्धी जीभ काढावी लागली. "बोलणं नीट कळणार नाही," असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा काका म्हणाले, "मान्सांना नाय कळलं तरी चालंल. देवाला कळतंय."

त्या शिमग्याला त्यांचा मुलगा पुढे झाला. "आप्पा, यंदा मी घालतो." काकांनी त्याला हातानेच मागे सारलं आणि नारळ उचलला. एक शब्द कळेना. मध्येच लाळ गळे. ती पुसायला ते थांबले, की सगळं अंगण गरजे, "व्हय म्हाराजा!"

तेव्हा वाटलं, गाव म्हाताऱ्याला सांभाळून घेतंय. आता माझी साधी दाढ काढली तरी मी चार माणसांत जात नाही. त्या वयात, तसल्या तोंडाने भरल्या अंगणात उभं राहायला केवढी छाती लागली असेल!

काका गेले. हल्ली मुलगा गाऱ्हाणं घालतो, अगदी खणखणीत. पण काका तोंड पुसायला जिथे थांबत, तिथे तोही थांबतो.