पेल्यावरची टिचकी

आमच्या घरी जेवताना पाणी मागायची एक पद्धत होती. रिकाम्या पेल्यावर नखानं टिचकी मारायची. टण्ण आवाज झाला की घरातली बाई तांब्या घेऊन हजर. तोंड उघडायचं काम नाही.

ही पद्धत माझ्या आजोबांची. हिवरखेडकडे आमची शेती होती आणि आजोबा चातुर्मासात मौन धरून जेवायचे. ताटावर शब्द काढायचा नाही म्हटल्यावर बिचारे दुसरं काय करणार? माझे वडील त्यांच्या शेजारी जेवायला बसून मोठे झाले. त्यांनी टिचकी तेवढी उचलली, मौन राहू दिलं तिथंच. कापसापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी काढत ते जेवायचे आणि बोलता बोलता टिचकी मारायचे, बाराही महिने. त्यांच्या शेजारी मी बसायचो. पुढे अकोल्यात मास्तर झालो, लग्न झालं, पितळी पेला जाऊन स्टीलचा ग्लास आला, समोर टीव्ही आला. टिचकी तशीच राहिली. ती मला कोणी मुद्दाम शिकवली नव्हती, म्हणून ती बरी की वाईट हेही मी कधी पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुनेची बदली वरूडला झाली. मुलाची नोकरी अमरावतीत, घर तिथंच, त्यामुळे ती सकाळी निघायची ती अंधार पडता पडता परतायची. चार वर्षांच्या नातीला वर्षभर आमच्याकडे ठेवावं असं चाललं होतं. आधी पंधरा दिवस राहू दे, मग पाहू, असं सून म्हणाली. माझा आनंद पोटात मावेना. निवृत्त झाल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की पोरगी राहावी म्हणून मी देवाला हात जोडत होतो.

पहिल्या रविवारी सून भेटायला आली. बायकोनं तिलाही बळंच आमच्याबरोबर जेवायला बसवलं आणि स्वतः नेहमीसारखी वाढत राहिली. नातीनं अर्धी भाकर संपवली, ग्लास उचलून आत डोकावून पाहिलं, खाली ठेवला आणि टीव्हीवरची नजर न काढता टिचकी मारली. माझ्यासारखीच, मधलं बोट वाकवून. बायको हसत हसत तांब्या घेऊन आली. मीही हसलो, 'नात कोणाची आहे' असं काहीतरी म्हणालोही. सून हसली नाही.

निघताना चपला घालता घालता ती मला हळूच म्हणाली, "बाबा, राग मानू नका. पोरगी आजीले टिचकी मारून बोलावून राहिली. वर्षभर राहिली तं हेच शिकन. पुढच्या रविवारी पाहून ठरवा लागन मले."

राग आलाच. सुनेचा नाही, पोरीचा, म्हणजे जिच्यावर काढता येईल तिचा. संध्याकाळी तिला समोर बसवून मी धडा दिला. पाणी तोंडानं मागायचं, आजीला नीट हाक मारायची. तिनं शहाण्यासारखी मान हलवली. रात्री जेवताना माझ्याच ग्लासावर टण्ण झालं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या ग्लासावर दुसरी मारली. तीस वर्षं मी वर्गात सांगून सांगून घसा कोरडा केला. पोरं माझं ऐकत काय होती आणि पाहत काय होती, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः उठून माठातलं पाणी घ्यायला लागलो. सोपं नव्हतं. बोट आपोआप वाकायचं, मी मूठ आवळायचो. बायकोला वाटलं, वरणात मीठ कमी पडलं म्हणून मी रुसलो.

"काहून उठले तुमी? मी मेली काय?"

"तू बस, मी घेतो," मी म्हणालो.

मग तिचंही ताट आमच्या शेजारी लावून घेतलं. ती अवघडून बसायची, परक्या घरी बसल्यासारखी. मी तिच्या ग्लासात पाणी ओतायचो, त्यातलं निम्मं फरशीवर. "तू बस, मी घेतो," हे मी प्रत्येक जेवणाला म्हणत होतो. शुक्रवारी नात स्टूल ओढत माठाकडे निघाली.

दुसऱ्या रविवारी सून आली तेव्हा पोरगी दोन्ही हातांनी ग्लास धरून, जीभ बाहेर काढून, पाणी घेऊन आली. सुनेनं ते नीट पाहिलं. जेवणाच्या मध्येच म्हणाली, इथल्या शाळेची चौकशी करून ठेवा. मला इतकं बरं वाटलं की ठेचा घ्यायला घाईनं हात पुढे केला. चमचा निसटला आणि माझ्या ग्लासावर पडला. टण्ण.

बायको उठली. तोंडात घास, उजवा हात खरकटा, माठाजवळचा तांब्या डाव्या हातात. माझ्याजवळ येईस्तोवर तिच्या लक्षात आलं, कोणी काही मागितलंच नव्हतं. ती उभ्याउभ्या ओशाळून हसली. नातीची सवय आठ दिवसांत सुटली होती. हिची चाळीस वर्षांची होती आणि ती मीच लावली होती. मला लाज वाटली, मान वर करवेना.

"आजी, तू बस. मी घेते," नात म्हणाली.

बायकोनं तांब्या खाली ठेवला. पण बसण्याआधी तिनं वाकून माझ्या ग्लासात पाणी आहे का ते पाहून घेतलं.