उजवीकडचा स्पीकर

आमच्या वसाहतीत त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणत. रेकॉर्डप्लेअर, टेप, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर अशी वेगवेगळ्या वेळी घेतलेली यंत्रं एकमेकांना जोडून देणं हा त्यांचा धंदा. माझ्या डायरीत त्यांची पहिली नोंद एका रविवारची आहे : ‘कानवाले सकाळी दहाला आले. प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचं बोलणं तुटलं होतं. दीड वाजता जुळलं.’ बोलणं हा शब्द त्यांचाच. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे घरातली सासू, ते म्हणत, ज्याला जे सांगायचं ते तिच्यामार्फतच. आमचे हे त्यावर दर वेळी हसत. सासूबाई आतल्या खोलीत असल्यामुळे मी हसत नसे.

जोडून झालं की ते खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभे राहत. आम्हाला जे नुसतं गाणं वाटे, त्यात त्यांना बारीकशी गुणगुण सापडे. मग ते अर्थिंगची तार आवळत. गुणगुण थांबली की ती इतका वेळ होती हे आम्हाला कळे.

हे गेल्यानंतर तीन वर्षं त्या सगळ्यावर चादर होती. गेल्या वर्षी घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यांनी तारा उपटून एका पिशवीत कोंबल्या. मी कानवाल्यांना फोन केला. तो त्यांच्या मुलीने घेतला. काकू, बाबांशी जरा मोठ्याने बोला, एवढंच ती म्हणाली.

ते आले ते डावा खांदा पुढे करून. मी काही बोलले की मान वळवत. लाल पिन उजवी, पांढरी डावी, असं पुटपुटत काम चाललं होतं. पूर्वी पुटपुटत नसत. अर्ध्या तासाच्या कामाला दोन तास लागले. मध्ये चहा घेताना म्हणाले की शाळेच्या नव्या सभागृहातले सगळे स्पीकर जोडायचं काम त्यांना मिळतंय, आजच होय-नाही कळवायचं आहे. जावई म्हणतो, आता घरी बसा. पण घरी बसून करायचं काय?

मग त्यांनी ह्यांची आवडती रेकॉर्ड लावली. डावीकडून सूर आला. उजवा स्पीकर मुका.

ते मधोमध उभे होते, पण या वेळी डोळे उघडे होते आणि माझ्या तोंडाकडे लागले होते.

“वहिनी, दोन्हीकडून येतंय ना?”

शाळेत सिस्टरांनी खोटं बोलण्याची अशी धास्ती घातली होती की, नको असलेल्या पाहुण्याला ‘घरी नाहीत’ असंसुद्धा मी कधी सांगितलेलं नाही.

“येतंय,” मी म्हणाले.

त्यांनी रुमालाने मान पुसली आणि हत्यारं पेटीत भरायला घेतली. निघताना स्पीकर भिंतीशी सरळ लावून ठेवायची त्यांची सवय होती. डावा लावला. उजव्याच्या जाळीवर तळवा टेकला आणि तो तिथंच राहिला. रेकॉर्ड अजून चालू होती. चालू स्पीकर हाताला थरथरतो, हे मला त्यांनीच एकदा दाखवलं होतं.

ते खाली बसले, मागे हात घालून चाचपलं आणि सैल पिन आत दाबली. गाणं दोन्हीकडून आलं.

“साहेब आवाज फाटतोय तर फाटतोय म्हणायचे,” ते म्हणाले. “मला आवाज येतो वहिनी, कुठून येतो ते कळत नाही. तुमच्या घरात खरं कळेल म्हणून होकार द्यायच्या आधी इथं आलो.”

भावजी, माझं चुकलं, मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही. मी उजव्या बाजूला उभी होते. पुन्हा मोठ्याने म्हणायला हवं होतं.

आमच्याच फोनवरून त्यांनी शाळेला जमणार नाही म्हणून कळवलं. नंतर ते कुणाकडेच कामाला गेले नाहीत. पेटी कॉटखाली आहे, असं मुलगी सांगते.

त्या दिवशीच्या पानावर मी एवढंच लिहिलं : ‘कानवाले आले होते. दोन्ही स्पीकर नीट चालतात.’